सोसायटीच्या पाण्याचा हिशेब : गळती आधी, पाऊस नंतर

मार्च उजाडला की लिफ्टशेजारच्या फळ्यावर नोटीस लागते : ‘पाणी जपून वापरावे. हुकुमावरून, कमिटी.’ मग व्हॉट्सॲप ग्रुपवर पाइप लावून गाडी धुणाऱ्याचा फोटो येतो, दोन दिवस वादावादी होते आणि टँकर येतच राहतात. नोटिशीतली उणीव एवढीच की तिच्यात एकही आकडा नसतो. किती पाणी येतं, किती लागतं आणि मधलं कुठे जातं हे कमिटीलाच ठाऊक नसेल, तर चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी नेमकं काय जपायचं?

पुढचं सगळं पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नाशिक अशा शहरांतल्या नेहमीच्या सोसायटीला धरून लिहिलं आहे : जमिनीखाली एक टाकी, गच्चीवर एक, महापालिकेचं पाणी ठरावीक वेळ, एखादं बोअर आणि उन्हाळ्यात टँकर. कामांचा क्रम मुद्दाम असा लावला आहे. बऱ्याच सोसायट्या थेट पावसाचं पाणी साठवण्यापासून सुरुवात करतात, कारण त्याचं उद्घाटन करता येतं. टाकी भरली की पाणी थांबवणारा बॉलकॉक बदलल्याचा नारळ कोणी फोडत नाही.

पायरी १ : माणसं मोजा, मग पाणी

मलनिःसारणाची सोय असलेल्या शहरांसाठी आपल्याकडे माणशी दिवसाला १३५ लिटर हे सरकारी प्रमाण धरलं जातं. त्यातले ४५ लिटर निव्वळ फ्लशसाठी असतात. हा आकडा आदर्श नव्हे, त्याहून कमी पाण्यात उत्तम चालतं. पण मोजपट्टी म्हणून तो बरा.

समजा, ६० फ्लॅट आहेत आणि प्रत्यक्ष राहणारी माणसं २४०. बंद फ्लॅट वगळा, भाडेकरू आणि वॉचमनचं कुटुंब धरा. २४० गुणिले १३५ म्हणजे दिवसाला ३२,४०० लिटर. आता येणारं पाणी मोजा. महापालिकेच्या जोडणीवर मीटर असेल तर रोज सकाळी एकाच वेळी वॉचमनने आकडा वहीत लिहायचा. बोअरच्या पाइपवर आणि वरच्या टाकीकडे जाणाऱ्या पंपाच्या पाइपवर एकेक मीटर बसवून घ्या. टँकरची नोंद वेगळी.

टँकरच्या नोंदीत ‘१०,००० लिटर’ असं छापील बिल पाहून लिहू नका. खालच्या टाकीचं क्षेत्रफळ २० चौरस मीटर असेल, तर १०,००० लिटरने पातळी बरोबर अर्धा मीटर चढली पाहिजे. महापालिकेची लाइन आणि पंप बंद ठेवून, टँकर ओतण्याआधी आणि नंतर काठी घालून पाहा. पातळी ४२ सेंटिमीटरच चढली तर टँकर ८,४०० लिटरचा. हे पाणी वाचवणं नव्हे, पैसे वाचवणं झालं. पण वहीतला आकडा खोटा असेल तर पुढचं सगळं गणित फसतं.

महापालिका, बोअर आणि टँकर मिळून रोज येणाऱ्या पाण्याची पंधरा दिवसांची सरासरी काढा. ती ४८,००० आली, तर १५,६०० लिटर प्रमाणाबाहेर आहेत, म्हणजे रोजचा दीड टँकर. हे पाणी शोधायचं आहे.

पायरी २ : रात्रीची चाचणी

संपूर्ण लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. खर्च शून्य.

रात्री एक वाजता वरची टाकी भरलेली असताना पंप बंद करा. टाकीत स्वच्छ काठी सोडून किंवा टेपने पातळी मोजा. पहाटे पाचला, कोणाचा गीझर चालू होण्याआधी, पुन्हा मोजा. टाकी ४ मीटर बाय ३ मीटर असेल तर १ सेंटिमीटर म्हणजे १२० लिटर. आग विझवण्यासाठी राखलेला कप्पा वेगळा असेल तर तो या मापात धरू नका.

चार तासांत पातळी १० सेंटिमीटर उतरली, म्हणजे १,२०० लिटर गेले, तासाला ३००. रात्रपाळीहून आलेलं कोणी अंघोळ करत असेल, कोणी पाणी प्यायला उठलं असेल; म्हणून तीन रात्री मोजा आणि सर्वांत कमी आकडा धरा. तासाला ३०० लिटर हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण गळती दिवसाही चालूच असते. दिवसाचे ७,२०० लिटर, वर्षाचे २६ लाखांहून जास्त. हा आकडा लक्षात ठेवा, गच्चीवरच्या पावसापाशी पुन्हा लागेल.

पुढच्या रात्री गच्चीवरून खाली जाणाऱ्या लाइनींचे व्हॉल्व्ह एकेक करून बंद करा आणि मोजा. ज्या लाइनीचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर पातळी उतरायची थांबते, ती चोर लाइन. मग त्या लाइनीवरचे आठ-दहा फ्लॅटच तपासायचे, सगळी इमारत नव्हे. काही व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं न फिरवल्यामुळे जाम झालेले असतात. जोर करू नका, प्लंबरला आधी तेल घालून मोकळे करू द्या, नाहीतर मध्यरात्री व्हॉल्व्हचा दांडा (स्पिंडल) हातात येईल.

खालच्या टाकीची चाचणी वेगळी. येणारं-जाणारं दोन्ही बंद करून भिंतीवर खूण करा. सकाळी पातळी उतरलेली दिसली तर तडा आहे. आणि पावसाळ्यात पातळी वाढलेली दिसली तर गोष्ट जास्त गंभीर : बाहेरचं पाणी आत झिरपतंय, आणि शेजारून ड्रेनेज जात असेल तर ते तुम्ही पिताय. त्या टाकीची दुरुस्ती पुढच्या बजेटवर ढकलू नका.

पायरी ३ : चार ठरलेले चोर

पहिला चोर वरच्या टाकीचा ओव्हरफ्लो. बॉलकॉक बिघडतो, पंप चालू राहतो आणि जादा पाणी मागच्या डक्टमधून मुकाट्याने गटारात जातं. टाकीत पातळी ओळखून पंप बंद करणारं स्वयंचलित यंत्र बसवा, ते फारसं महाग नसतं. पण त्यावर विसंबू नका. ओव्हरफ्लोच्या पाइपचं तोंड डक्टमधून काढून असं वळवा की पाणी पडलं की वॉचमनच्या केबिनसमोर दिसेल आणि ऐकू येईल. ज्या चुकीचा आवाज होतो ती दुरुस्त होते.

दुसरा चोर फ्लशची टाकी. आतलं रबरी वॉशर झिजलं की कमोडमध्ये पाण्याची बारीक धार अखंड वाहते. चकचकीत चिनी मातीवर ती दिसतच नाही. टाकीत चमचाभर खायचा रंग टाका आणि अर्धा तास कोणी फ्लश वापरू नका. कमोडमध्ये रंग उतरला की वॉशर गेलं. ही तपासणी सगळ्या सोसायटीत एकाच रविवारी करा. रंगाच्या बाटल्या सोसायटीने द्याव्यात आणि प्लंबर त्या दिवशी वॉशर घेऊन इमारतीतच हजर ठेवावा. ‘ज्याने त्याने आपापलं तपासावं’ असं सांगितलं की दहा जण तपासतात. प्लंबर दारात उभा असला की पन्नास जण.

तिसरा चोर जेट स्प्रेचा आणि वॉशिंग मशीनमागचा नळ, जिथे कोणाची नजर जात नाही. चौथा बंद फ्लॅट. मालक परदेशात, आत फ्लश गळतोय, किल्ली कोणाकडे नाही. अशा फ्लॅटच्या लाइनी डक्टमधूनच बंद करण्याची मालकाकडून लेखी परवानगी घेऊन ठेवा.

थेंबथेंब गळणाऱ्या नळाबद्दल लोक उगाच भांडतात : ‘एवढ्याने काय होतंय?’ भांडू नका, खाली पेला ठेवा. दहा मिनिटांत १०० मिलिलिटर जमले तर दिवसाचे १४ लिटर झाले.

पायरी ४ : दाब उतरवा

बचतीच्या लेखांमध्ये दाबाचा विषय सहसा येत नाही, आणि उंच इमारतीत तर तोच मोठा. पाण्याचा स्तंभ दर १० मीटरला साधारण १ बार दाब देतो. दहा-अकरा मजली इमारतीत खालच्या मजल्यावर ३ बारच्या आसपास दाब येतो. नळाला १ बार पुष्कळ होतो. त्यामुळे दुसऱ्या मजल्यावर हात धुताना बेसिनबाहेर पाणी उडतं आणि दहाव्यावर शॉवर रडतो. दाब ३ बारवरून १ बारवर आणला तर त्याच नळातून येणारं पाणी सुमारे ४० टक्क्यांनी घटतं आणि हात तेवढेच स्वच्छ होतात.

उपाय दोन आहेत. खालच्या मजल्यांच्या लाइनींवर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवणं हा सोसायटीचा, खर्चाचा. दुसरा फुकट : प्रत्येक बेसिनखाली आणि फ्लशशेजारी अँगल कॉक (पाणी कमी-जास्त करायची छोटी तोटी) असतो. तो अर्धा बंद करा. धार बोटाएवढी राहिली तरी चालते. खालच्या चार मजल्यांवर एका संध्याकाळी हे करता येतं. वरच्या दोन मजल्यांना यातून वगळा, त्यांची तक्रार आधीच खरी असते.

पायरी ५ : घरात

साध्या नळातून मिनिटाला १० ते १५ लिटर पाणी येतं. तोंडाला जाळीचा एरेटर लावला की ते निम्म्याखाली येतं, कारण धारेत हवा मिसळते. सगळ्या नळांना एरेटर लावून फायदा नाही : बादली भरायच्या नळाला लावला तर बादली तेवढ्याच पाण्याने, फक्त जास्त वेळाने भरते. बेसिन आणि मोरीतला किंवा सिंकचा नळ, या दोनच जागा.

भांडी हा घरातला मोठा खर्च. १५ मिनिटं मिनिटाला १० लिटरने नळ चालला तर १५० लिटर. त्यासाठी मावशींना व्याख्यान देणं मला पटत नाही. चार घरांची घाई असलेल्या बाईला तुमच्या नळाशी खेळत बसायला वेळ नसतो. एरेटर लावा, विसळायला एक मोठं घमेलं द्या आणि खरकटं आधीच पुसून ठेवा. बाकी आपोआप होतं.

अंघोळीला बादली आणि तांब्या यांना तोड नाही. १५ ते २० लिटरांत काम होतं. शॉवरच हवा असेल तर गरम पाणी येईपर्यंतचं थंड पाणी बादलीत धरा. गीझर नळापासून लांब असलेल्या घरांत ते रोज तीन-चार लिटर भरतं.

फ्लशच्या जुन्या टाक्या एका वेळी १० लिटरच्या आसपास सोडतात. तशी टाकी असेल तर लिटरची भरलेली, बूच लावलेली बाटली आत उभी ठेवा, बॉलला लागणार नाही अशी. वीट ठेवू नका, ती विरघळून वॉशर खराब करते. दोन बटणांच्या नव्या टाकीत हा उद्योग करायची गरज नाही. तिथे छोटं बटण कोणतं ते मात्र घरातल्या सगळ्यांना, आलेल्या पाहुण्यांनाही, माहीत असावं.

आरओचं काय? एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर टाकणारं हे यंत्र बऱ्याच घरांत सवयीने बसवलेलं असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची (टीडीएस) इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. धरणाचं पाणी बहुधा याच्या बरंच खाली असतं. एकदा टीडीएस मोजा. कमी असेल तर साधा फिल्टर आणि यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारं यंत्र) पुरतं. बोअर-टँकरच्या जड पाण्यासाठी आरओ लागतोच. मग टाकाऊ पाण्याची नळी बादलीत सोडा आणि ते फरशीला वापरा. तुळशीला आणि कुंड्यांना घालू नका, क्षार साठून माती पांढरी पडते.

पायरी ६ : पाणी तासांवर देऊ नका

उन्हाळ्यात कमिटीचा पहिला निर्णय असतो : सकाळी दोन तास, संध्याकाळी एक तास. कागदावर बचत दिसते. प्रत्यक्षात काय होतं? प्रत्येक घर पिंप, बादल्या, पातेली भरून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी ‘शिळं’ पाणी मोरीत ओतून ताजं भरतं. पाणी गेलेलं असताना कोणी नळ उघडा ठेवून कामावर जातं, आणि संध्याकाळी पाणी सुटलं की तो रिकाम्या घरात वाहतो. शिवाय पाइप रिकामे राहिले की फटींतून बाहेरची घाण आत ओढली जाते. टंचाई अगदी गळ्याशी आली तरच तास ठरवा, आणि त्याआधी दोन आठवडे पायरी २ ते ४ प्रामाणिकपणे करून बघा.

पायरी ७ : बिल माणसागणिक की तोट्यांगणिक?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पाणीपट्टीची वाटणी प्रत्येक फ्लॅटमधल्या नळजोडण्यांची संख्या आणि आकार यांवर होते. म्हणजे एकटे राहणारे आजोबा आणि सहा जणांचं घर, तोट्या सारख्या तर बिल सारखं. यात वाचवणाऱ्याला काहीच मिळत नाही.

याच प्रश्नाचं एक जुनं उत्तर पुणे जिल्ह्यातच आहे. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, घरातल्या माणसांवर ठरला : माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनांचाही वाटा होता आणि ऊस लावायला मनाई. माणसागणिक वाटा हे तत्त्व फ्लॅटलाही लागू पडतं.

नव्या इमारतीत बिल्डरकडे प्रत्येक फ्लॅटला एकच मीटर लावता येईल अशी नळजोडणी मागा. जुन्या इमारतीत अडचण अशी की प्रत्येक बाथरूमची आणि स्वयंपाकघराची लाइन गच्चीवरून वेगळी येते, त्यामुळे एका फ्लॅटला चार-पाच मीटर लागतात. एवढा खर्च झेपत नसेल तर विंगनिहाय मीटर लावा आणि दर महिन्याला विंगेचा माणशी वापर फळ्यावर लिहा. ए विंगेचे १२० आणि बी विंगेचे १७० हे दोन आकडे शेजारी आले की नोटीस लावायची गरज पडत नाही. पैशांची वाटणी बदलायची असेल तर मात्र सर्वसाधारण सभेचा ठराव आणि उपविधींची चौकट दोन्ही सांभाळावी लागतात.

पायरी ८ : आता पाऊस

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. गच्ची ५०० चौरस मीटर, पुण्याचा वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला, आणि वाफ-उडणं वगळून ८० टक्के हाती आलं, तर २ लाख ८० हजार लिटर. अठ्ठावीस टँकर. छान वाटतं, पण वर धरलेल्या सोसायटीला ते नऊ दिवसही पुरत नाही. आणि रात्रीच्या चाचणीतली ती तासाला ३०० लिटरची गळती वर्षाला याच्या नऊपटीहून जास्त पाणी नेते. पावसाचं पाणी धरायचं नाही असं मी म्हणत नाही. ते आठव्या पायरीवर का आहे, एवढंच सांगतोय.

करायचं कसं? पावसाळ्यात गच्चीचं पाणी गाळून थेट खालच्या वेगळ्या टाकीत घ्या आणि फ्लश, बाग, पार्किंग धुणं त्यावर चालवा. उरलेलं बोअरला द्या. इथे आपल्या दगडाचा विचार हवा. महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या बेसॉल्टवर बसलाय. त्यात पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत. कातळात नुसता खड्डा खणला तर ती डासांची टाकी होते. आधी खड्ड्यात पाणी भरून दुसऱ्या दिवशी किती मुरलं ते पाहा. बोअरमध्येही एक टँकर सावकाश सोडून ते पाणी घेतं का ते तपासा. घेत असेल तरच गाळणखड्डा बांधा : खाली मोठे दगड, वर खडी, त्यावर जाड वाळू, आणि मधे बोअरच्या केसिंगला (बोअरमध्ये बसवलेल्या पाइपला) भोकं पाडून बाहेरून जाळी.

पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी गटारात जाऊ द्या, त्यात वर्षभराची धूळ आणि कबुतरांची विष्ठा असते. पार्किंगमधलं, तेलाचा तवंग असलेलं पाणी बोअरमध्ये कधीही सोडू नका. भूजल खराब झालं की तुमचंच नाही, शेजारच्या चार सोसायट्यांचंही होतं. पुणे महापालिकेसारख्या काही महापालिका अशा सोयीबद्दल मालमत्ता करात सवलत देतात. ती मागून घ्या.

सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प असलेल्या मोठ्या सोसायट्यांत गणित आणखी चांगलं जुळतं. फ्लशचे माणशी ४५ लिटर शुद्ध केलेल्या पाण्यावर गेले, तर २४० माणसांमागे रोज १०,८०० लिटर ताजं पाणी वाचतं. हे प्रकल्प बंद पडतात ते वासामुळे, आणि वास येतो वीज वाचवायला हवेचे ब्लोअर बंद ठेवल्याने. हे पाणी नेणारे पाइप वेगळ्या रंगाचे ठेवा; प्लंबर बदलला की घोटाळा इथेच होतो.

गावाचा ताळेबंद

गावाकडे घर असणाऱ्यांसाठी हाच हिशेब मोठ्या मापाने. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. १,००० हेक्टरच्या गावात ४०० मिलिमीटर पडला तर ४०० कोटी लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरने २,००० वस्तीला वर्षाला लागतात फक्त ४ कोटी. बाष्पीभवन आणि वाहून जाणं मोठं असलं तरी पिण्याला एवढ्यात तुटवडा पडायला नको. पडतो, कारण पिकं. उसाला हंगामात सुमारे २,००० मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे पाऊस धरून एकरी ८० लाख लिटर : ५५ लिटरच्या हिशेबाने ४०० माणसांचं वर्ष.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने हे गणित ग्रामसभेत आणलं. पावसाळा संपला की किती पडलं ते पाहायचं, माणसं आणि जनावरांचं आधी बाजूला काढायचं, आणि उरलेल्यात कोणती पिकं बसतात ते ठरवायचं. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही हा नियम त्याच्या जोडीला. बंधारे अनेक गावांनी बांधले. बोअरबंदी फार थोड्यांनी पाळली.

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणजे पाऊस सरत आलेला असतो आणि धरणांचे आकडे पेपरात आलेले असतात. त्या सभेच्या अहवालात जमा-खर्चाशेजारी एक पान पाण्याचं घाला : वर्षात आलेलं पाणी स्रोतानिहाय, माणशी रोजचा वापर, तीन रात्रींच्या चाचणीचा सर्वांत कमी आकडा, टँकरची संख्या आणि त्यांचा एकूण खर्च. पुढच्या वर्षी तेच पान, त्याच रकान्यांत.